गुलाबी भुकटी की टीसीएल? बेडकांच्या ओढ्यावर जाणाऱ्या बुटांसाठी काय घ्यावं

पावसाळा लागला की पुण्यातून रात्रीच्या बेडूक-भटकंतीच्या गाड्या सुटतात. ताम्हिणी, मुळशी, लोणावळा आणि जरा हौस जास्त असेल तर थेट आंबोली. एका शनिवारचा ताम्हिणीचा चिखल पुढच्या शनिवारी आंबोलीच्या ओढ्यात उतरतो, तो बुटांच्या तळव्यांतून. या चिखलातून कायट्रिड बुरशीही प्रवास करू शकते, आणि ती मारण्यासाठी पुण्यात मिळणाऱ्या वस्तूंपैकी कुठली पैसे घालण्यासारखी आहे, एवढ्यापुरतीच ही पारख.

आधी थोडं त्या बुरशीबद्दल. बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस बेडकाच्या त्वचेतल्या केराटिनच्या थरात वाढते. बेडूक त्वचेतूनच पाणी आणि क्षार आत-बाहेर करतो, त्यामुळे त्वचा बिघडली की रक्तातलं सोडियम-पोटॅशियम घसरतं आणि शेवटी हृदय बंद पडतं. २०१९ साली जगभरच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा या रोगामुळे ५०१ उभयचर जातींची संख्या घटल्याचं आणि त्यांतल्या ९० जाती बहुधा नामशेष झाल्याचं दिसलं. हिला १७ ते २५ अंश तापमान मानवतं, म्हणजे नेमकी घाटातली पावसाळी हवा. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात. निर्जंतुक केलेल्या तळ्याच्या पाण्यात ती ७ आठवडे जगल्याचं प्रयोगात दिसलं आहे.

पश्चिम घाटात ती आधीच आहे, मग बूट धुवून काय साधणार, असं हमखास विचारलं जातं. उत्तर पश्चिम घाटातल्या बेडकांवर ती आढळल्याचं २०१३ साली पुण्यातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं, आणि तो वाण आशियातलाच निघाला. इथे ऑस्ट्रेलिया किंवा मध्य अमेरिकेसारखी बेडकांची साथ आलेली नाही. पण तिकडे धुमाकूळ घालणारा वंश वेगळा आहे, आणि दोन वंश एकत्र आले तर संकर होतो हेही माहीत आहे. आंबोलीचा टायग्रिना भेक जगात फक्त त्या टापूत आहे आणि अतिसंकटग्रस्त आहे. त्याच्या डबक्यात दुसऱ्या घाटाचा चिखल नेण्याचं काही कारण नाही.

आता सामान. आमच्या मते पहिला नंबर गुलाबी भुकटीचा. पोल्ट्रीवाले शेड धुवायला वापरतात ती. विरकॉन हे तिच्यातलं सर्वांत परिचित नाव. मुख्य घटक पोटॅशियम परऑक्सीमोनोसल्फेट. पशुवैद्यकीय औषधांच्या आणि पोल्ट्री-सामानाच्या दुकानांत विचारावी. साध्या मेडिकलमध्ये बहुतेक वेळा मान हलवतात. मात्रा १ टक्का, म्हणजे लिटरला १० ग्रॅम, पाच लिटरच्या बादलीला ५० ग्रॅम. चमच्याच्या अंदाजाने घालू नका, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. कायट्रिड याहून बऱ्याच पातळ द्रावणातही मरते, पण ते प्रयोगशाळेतल्या स्वच्छ भांड्यात. बुटाच्या खाचेत गाळ असतो आणि गाळ औषध खातो. १ टक्क्याचा दुसरा फायदा म्हणजे बेडकांचा रानाव्हायरसही त्यात मरतो.

हिची खरी सोय रंगात आहे. द्रावण गुलाबी असतं आणि ताकद उतरली की रंगही उतरतो, त्यामुळे बादलीत बघून कळतं. तयार द्रावण आठवडाभर चालतं असं धरा. फिकं दिसलं तर त्याआधीच ओता. साबणासारखा घटक आत असल्याने ते तळव्याला नीट चिकटून राहतं.

खोटही सांगायला हवी. कोरडी भुकटी नाका-डोळ्यांना झोंबते, म्हणून कालवताना मास्क आणि हातमोजे घाला, आणि भुकटी पाण्यात टाका, भुकटीवर पाणी ओतू नका. धातूला ती खाते: बुटाच्या कड्या, बॅगेची चेन, स्प्रे-पंपाच्या नोझलमधली स्प्रिंग. दहा मिनिटांनी साध्या पाण्याने खंगाळलं नाही तर पावसाळा संपेपर्यंत स्प्रिंग गंजून पंप बंद. पुण्याच्या जुलैतल्या दमट हवेत उघडा राहिलेला डबा आठवड्यात दगड होतो. मोठा डबा आणलात तर लगेच घट्ट झाकणाच्या लहान बरण्यांत वाटून टाका आणि प्रत्येकीत सिलिका जेलची पुडी ठेवा. किंमत ब्लीचच्या मानाने बरीच जास्त, म्हणून एकट्याने घेण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून घेतलेली परवडते. पाचपैकी साडेचार; अर्धा गुण नोझलसाठी कापला.

दुसरं, किराणा दुकानातलं पातळ ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. काम चोख: १ टक्का द्रावणात मिनिटभर. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक भाग ब्लीच, चार भाग पाणी. फसगत इथे होते की ब्लीच बाटलीत बसल्या बसल्या उतरतं, उन्हातल्या शेल्फवर तर फारच लवकर. उत्पादनाची तारीख बघा, उन्हाळ्याआधीची बाटली घेऊ नका. गाळाने ते गुलाबी भुकटीपेक्षाही पटकन निकामी होतं, कपड्यांवर डाग पाडतं, आणि ओढ्यात गेलं तर बेडूकमाशांना थेट घातक. ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायतीच्या भाषेत टीसीएल, त्याहून स्वस्त. ३० टक्के क्लोरीनची ताजी पावडर असेल तर लिटरला सुमारे ३३ ग्रॅम. ढवळून चुना खाली बसू द्या आणि वरचं नितळ पाणी वापरा, नाहीतर स्प्रे तुंबतो. गावात मुक्काम असेल तर हाच पर्याय हाताशी असतो. साडेतीन.

एक सक्त ताकीद: ब्लीच किंवा टीसीएल आणि गुलाबी भुकटी एकाच बादलीत कधीही नको, आणि ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनरही नको. क्लोरीन वायू सुटतो. पंप बदलून वापरणार असाल तर मध्ये दोनदा पाण्याने खंगाळा.

७० टक्के स्पिरिट बुटांसाठी महाग पडतं आणि वाऱ्यावर उडून जातं. चिमटे, मोजपट्टी, ट्रायपॉडचे पाय यांना मात्र तेच उत्तम: पुसा, मिनिटभर ओलं ठेवा, पूर्ण सुकू द्या. ग्लिसरीनवालं हँड सॅनिटायझर याची जागा घेत नाही. फिनेल तर नकोच. वास दांडगा, पण बेडकांना विषारी. कोविडच्या काळात घेतलेले यूव्ही डबे आता कपाटात पडून आहेत आणि ते इथे बाहेर काढण्याचा मोह होतो. कायट्रिडवरच्या प्रयोगात यूव्हीने काम केलं नाही.

फुकटचे दोन उपाय आहेत, वाळवणं आणि उष्णता. पूर्ण कोरडी झाली की ही बुरशी तीन तासांत मरते. पण भर ‘पूर्ण’वर. पावसाळ्यात सदाशिव पेठेतल्या गॅलरीत टांगलेला कॅनव्हासचा बूट दोन दिवसांनीही आतून ओला असतो, आणि शिवणीतला ओलावा हाताला कळत नाही. मोजे, जाळी, पँट यांना ६० अंशांचं पाणी पाच मिनिटं पुरतं. बादलीतलं गीझरचं पाणी तोवर निवत जातं, तेव्हा थर्मामीटर घाला किंवा वॉशिंग मशीनचं ६० अंशांचं चक्र लावा.

म्हणूनच बूट निवडतानाच अर्धं काम होतं. शेती-सामानाच्या दुकानात मिळणारा साधा रबरी गमबूट घ्या: शिवण नाही, लेस नाही, कड्या नाहीत. तळवा उलटा करून बघा. खोल, अरुंद खाचांचा तळवा घसरत नाही हे खरं, पण त्यातला गाळ ब्रशने निघत नाही, टोकदार काडी लागते. रुंद, उथळ खाचांचा घ्या. महागडे ट्रेकिंग बूट या कामाला सर्वांत वाईट.

क्रम चुकला तर कुठलंही औषध वाया जातं. ओढ्यावरून बाहेर पडताच, गाडीत बसण्याआधी, ताठ ब्रशने चिखल काढा, खाचांना जुना टूथब्रश. मग साध्या पाण्याने धुवा. मगच फवारा, जोडीला पाव लिटर द्रावण पुरतं. तळवा, टाच आणि घोट्यापर्यंतची कड पाच मिनिटं ओली दिसली पाहिजे, सुकत आली तर पुन्हा फवारा. काठीचं आणि छत्रीचं टोक, गाडीतलं पायपुसणं हे बहुतेकांकडून राहून जातं. फवारणी आणि खंगाळणं ओढ्यापासून दूर, उताराची दिशा बघून, कोरड्या मुरमाड जमिनीवर करा. उरलेलं द्रावण कॅनमध्ये भरून घरी आणा आणि मोरीत भरपूर पाण्याबरोबर सोडा.

हौशी मंडळींनी बेडूक हातात घ्यायचाच नाही, त्यामुळे बेडूक हाताळायच्या हातमोज्यांचा खर्च वाचतो. परवानगी घेऊन नमुने घेणाऱ्यांनी पावडर नसलेले नायट्राइल मोजे घ्यावेत, आधी पाण्यात धुवून, आणि दर बेडकाला नवी जोडी. जंतुनाशकाचा हात लागलेला मोजा बेडकाला लावू नये. स्प्रे मारणारा आणि बेडूक हाताळणारा माणूस शक्यतो वेगळा ठेवा.