अल्ट्रासॉनिक काठी: कामाची आहे, पण जिभेची सर नाही
मामांसाठी घेतली, दिसत नाही त्यांना. ही काठी आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी सोडून पुढचा अडथळा ओळखते. कमरेच्या वरचे अडथळे म्हणजे उघडी खिडकी, टेम्पोचा फळका वगैरे मूठ थरथरून बरोब्बर सांगते, त्याला फुल मार्क. पण पुढे भिंत आहे की झुडूप ते तिला नाही कळत, सगळ्याला तीच थरथर. मामा जिभेने टॉक टॉक करून प्रतिध्वनीवरून पत्रा की झाड सांगतात! 2011 मध्ये कॅनडात असं करणाऱ्या दोन अंध माणसांचं एमआरआय केलं तर प्रतिध्वनी ऐकताना मेंदूतला बघण्याचा भाग कामाला लागलेला, आणि ऐकण्याच्या भागात प्रतिध्वनी असो नसो फरकच नाही, बोला आता. ते सॉफ्टवेअर काठीत कुठून येणार. चार्जिंग मस्त टिकतं, घ्या बिनधास्त, फक्त पावसात मुठीला प्लॅस्टिकची पिशवी बांधा.