चाळीस डबे तेल आणि युद्धाचा अंदाज : मेटॅक्युलस ही अंदाजांची साइट वापरून पाहिल्यानंतर

गिरगावात आमच्या चाळीच्या तळमजल्यावर गेली एकोणीस वर्षं मी फराळाचा धंदा करते. चकली, शेव, कडबोळी, चिवडा. दिवाळीआधीचे चाळीस दिवस म्हणजे माझं अख्खं वर्ष. तळण सगळं सूर्यफुलाच्या तेलात. पामतेल स्वस्त पडतं, पण त्यातली चकली थंडीच्या दिवसांत टाळूला मेणचट लागते आणि एकदा गिऱ्हाईक तुटलं की परत येत नाही.

युक्रेनचं युद्ध माझ्या घरात शिरलं ते या तेलाच्या डब्यातून. युद्धाआधी आपल्याकडे येणारं बहुतेक सूर्यफूल तेल युक्रेनचं असायचं, आणि त्याखालोखाल रशियाचं. म्हणजे भांडणारे दोन्ही शेजारी माझे पुरवठादार. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाच्या फौजा आत घुसल्या, ओडेसाकडची बंदरं बंद पडली, आणि मशीद बंदरचे माझे नेहमीचे व्यापारी भाव सांगायलाच तयार होईनात. "ताई, सकाळचा भाव दुपारी राहत नाही. माल हवा तर आत्ता बोला."

अशा वेळी माणूस कुणाचा तरी आधार शोधतो. मी एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे पैसे भरले. महिना ९९९ रुपये, रोज सकाळी युद्धाचं आणि बाजाराचं भाकीत. नाव घेत नाही. २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली, त्या आठवड्यात ग्रुपवर मेसेज आला की तेल दिवाळीपर्यंत दुप्पट होणार, आत्ताच भरून ठेवा. मी पतपेढीतून कर्ज काढलं आणि १५ किलोचे चाळीस डबे उचलले, डबा २,७५० रुपयांनी. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. २३ मेला इंडोनेशियाने बंदी उठवली. २२ जुलैला इस्तंबूलमध्ये तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने करार झाला आणि ओडेसा, चोर्नोमोर्स्क, पिव्देन्नी या तीन बंदरांतून काळ्या समुद्रामार्गे धान्याची आणि खाद्यतेलाची जहाजं निघू लागली. दिवाळीला तोच डबा बाहेर २,३०० ला मिळत होता. चाळीस डब्यांमागे अठरा हजार रुपये गेले.

नुकसान धंद्यात होतंच, ते मी सोसलं. पण मी जुना मेसेज शोधायला वर गेले तर तो पुसलेला. वर नवा मेसेज होता की भाव उतरणार हे आम्ही मे महिन्यातच सांगितलं होतं. त्या रात्री मला खरंच रडू आलं. चूक कुणाचीही होते, मान्य. पण आपलं भाकीत पुसून टाकणाऱ्याच्या भरवशावर मी कर्ज काढलं होतं.

२०२३ च्या सुरुवातीला माझ्या भाच्याने मेटॅक्युलस दाखवलं. ही फुकट साइट आहे, नुसतं खातं उघडायचं. जगात पुढे काय होईल याचे प्रश्न तिथे मांडलेले असतात आणि कुणीही आपला अंदाज टक्क्यांत टाकू शकतं. 'युद्ध लवकर संपेल' असं तिथे चालतच नाही. अमुक तारखेच्या आत युद्धबंदी होईल का, याला तुम्ही ५ टक्के म्हणता की ३०, ते सांगायचं. सगळ्यांच्या अंदाजांचा मिळून एक आकडा दिसतो, आणि तो महिन्यामहिन्याने कसा वरखाली झाला त्याचा आलेखही. तो आलेख कुणाला पुसता येत नाही. माझ्यासाठी या एका गोष्टीची किंमत त्या ९९९ पेक्षा जास्त आहे.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते प्रश्नाखालच्या बारीक अक्षरांनी. युद्धबंदी म्हणजे नक्की काय, किती दिवस टिकली तर धरायची, कुणी जाहीर करायला हवी, हे तिथे आधीच लिहिलेलं असतं. एप्रिल २०२५ मध्ये पुतिन यांनी ईस्टरसाठी ३० तासांची युद्धबंदी जाहीर केली. आमच्याकडे दूधवाल्यापासून सगळे म्हणाले, चला, मिटलं. मी मात्र अटी वाचायची सवय लागल्याने आधी एवढंच पाहिलं, की ३० तासांनंतर काय? नंतर लढाई होती तशीच चालू राहिली.

गुण कसे देतात तेही सांगते, कारण ते समजलं आणि माझी अंदाज लिहायची वही बदलली. ग्लेन ब्रायर नावाच्या हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये पावसाचे अंदाज तपासायला एक साधी रीत काढली. साइटचं गुणांकन याहून गुंतागुंतीचं आहे, पण घरी वहीत ठेवायला ब्रायरची रीत पुरते. तुम्ही २० टक्के म्हणालात, म्हणजे ०.२. गोष्ट घडली नाही, तर ०.२ चा वर्ग, ०.०४. घडली, तर ०.८ चा वर्ग, ०.६४. आकडा जितका लहान तितका अंदाज चांगला. दरवेळी डोळे मिटून ५० टक्के म्हणत राहिलात तर ०.२५ पडतात. म्हणजे ०.२५ च्या वर गेलात तर तुमच्या बोलण्यापेक्षा नाणं बरं.

माझी पहिली मोठी चूक अशी. जुलै २०२३ मध्ये काळ्या समुद्राचा तो करार वाढवायची वेळ आली. तोवर तीनदा वाढला होता, म्हणून मी वहीत लिहिलं, वाढेल, ८० टक्के. १७ जुलैला रशिया बाहेर पडला. ०.६४. लाल पेनाने लिहून ठेवलं आहे, अजून आहे. मजेची गोष्ट म्हणजे करार मोडूनही माझं तेल महागलं नाही. ऑगस्टमध्ये युक्रेनने किनाऱ्याच्या कडेने स्वतःची वाट काढली आणि जहाजं चालू राहिली. आतापर्यंत वहीत तेवीस अंदाज झाले, सरासरी ०.१९. फार भारी नाही, पण नाण्यापेक्षा बरी.

हळूहळू कळलं की माझा कल नेहमी एकाच बाजूला चुकतो. मला युद्ध कायम आटोपत आल्यासारखं वाटतं. यावर मी खूप विचार केला. आपल्या डोक्यातलं युद्ध म्हणजे १९७१. ३ डिसेंबरला पेटलं, १६ ला ढाक्यात शरणागती. आमचे बाबा सांगायचे, गिरगावात ब्लॅकआउटमध्ये खिडकीच्या काचांना काळे कागद चिकटवले होते, आणि ते कागद नीट वाळायच्या आत युद्ध संपलं. कारगिलही अडीच महिन्यांत आटोपलं. पण इराण आणि इराक हेही शेजारीच. सप्टेंबर १९८० ला सुरू झालं ते ऑगस्ट १९८८ ला थांबलं, आणि सीमा जवळजवळ होती तिथेच. कोरियात वाटाघाटी जुलै १९५१ ला सुरू झाल्या आणि युद्धविराम व्हायला २७ जुलै १९५३ उजाडला. दोन वर्षं टेबलावर बोलणी आणि डोंगरात माणसं मरतायत. २०२२ च्या मार्चअखेर इस्तंबूलमध्ये रशिया आणि युक्रेनचे लोक समोरासमोर बसले तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. आता बोलणी सुरू झाल्याची बातमी आली की आधी कोरिया आठवतो, आणि मगच आकडा टाकते.

आता उणीव. युद्धाचा अंदाज म्हणजे तेलाचा अंदाज नव्हे, आणि हे साइट तुम्हाला सांगणार नाही. २०२४ च्या सप्टेंबरात माझा युद्धाचा अंदाज बरोबर होता, युद्ध थांबलं नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होते. १४ सप्टेंबरपासून केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के केलं. दिवाळी दीड महिन्यावर, ऑर्डरी जुन्या दराने घेतलेल्या. तो फटका दिल्लीहून आला, युक्रेनमधल्या डोन्बासच्या आघाडीवरून नव्हे. पुढे मे २०२५ अखेरीस शुल्क बरंच खाली आणलं तेव्हा श्वास घेतला. तेव्हा धंद्यासाठी वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा : आपल्या डब्यापर्यंत येणाऱ्या साखळीत युद्ध ही एकच कडी आहे.

दुसरी अडचण भाषेची. सगळं इंग्रजीत, आणि प्रश्नाच्या अटी तर कोर्टाच्या कागदासारख्या. पहिले सहा महिने भाचा शेजारी बसून अर्थ सांगत होता. ज्यांना असा भाचा नाही त्यांना हे जड जाईल. आणि कधी कधी प्रश्न इतका बारीक मांडतात की बाहेर सगळ्यांना कळलेली गोष्ट तिथे अजून 'ठरायची' असते.

वरच्या मजल्यावरच्या काकूंची लेक युक्रेनमधल्या विन्नित्सियाला डॉक्टरकी शिकत होती. २६ फेब्रुवारी २०२२ ला रोमानियातल्या बुखारेस्टहून २१९ जणांचं पहिलं विमान मुंबईत उतरलं, त्यात ती नव्हती. त्या रात्री काकू माझ्या ओट्यापाशी बसून होत्या, मी त्यांना चहा देत होते आणि त्या तो तसाच गार करत होत्या. पोरगी मार्चमध्ये रोमानियातूनच आली, पाठीवर एक सॅक आणि पायात दुसऱ्याच कुणाचे बूट. आता ती इथेच एका दवाखान्यात काम करते. रविवारी माझ्याकडे भाजणी चाळायला येते आणि माझा फोन बघते. युद्धबंदीच्या प्रश्नावरचा आकडा खाली सरकलेला दिसला की म्हणते, "मावशी, आज आमच्या मॅडमना फोन करते." तिच्या शरीरशास्त्राच्या बाई अजून तिथेच आहेत. सायरन झाला की जिन्याखाली बसून उत्तर पाठवतात.

तिच्यासमोर मी टक्के टाकत नाही. ती गेल्यावर टाकते.

पाचपैकी चार तारे देते. एक भाषेसाठी कापला. पैसे घेऊन छातीठोकपणे तारीख सांगणारा कुणी भेटला तर त्याला मागच्या वर्षीचे अंदाज दाखवायला सांगा, नाही दाखवले तर फोन ठेवा. मी आता एकदम चाळीस डबे उचलत नाही. दर पंधरा दिवसांनी आठ घेते, भाव काहीही असो, आणि डब्यावर खडूने तारीख टाकते. वहीतला चोविसावा अंदाज काल लिहिला : या दिवाळीच्या आत टिकाऊ युद्धबंदी, ११ टक्के. हा अंदाज मात्र चुकावा असं मनापासून वाटतं.