जनसुनावणी की हरित लवाद: गावाने ताकद कुठे लावावी?

गावाजवळ खाण, रासायनिक कारखाना किंवा वीजकेंद्र येणार असेल, तर आपलं म्हणणं मांडायला गावापुढे दोन दारं असतात. एक पर्यावरण मंजुरीआधीची जनसुनावणी, दुसरं मंजुरीनंतर राष्ट्रीय हरित लवादातलं, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांसाठीच्या खास न्यायाधिकरणातलं, अपील. उद्योगांवरचे निर्बंध सैल होतात तेव्हा आधी अरुंद होतं ते पहिलं दार. म्हणून अनेक जण थेट लवादाचा विचार करतात. आमच्या मते, सुनावणी होणार असेल तर पहिला जोर तिथेच लावावा.

2006 च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार सुनावणीआधी किमान 30 दिवसांची सूचना वृत्तपत्रांत द्यावी लागते. मूल्यांकन अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी पाहायला ठेवतात, सारांश स्थानिक भाषेत असतो. फक्त सारांशावर थांबू नका. ओढे, विहिरी, वनजमीन, भूजलपातळी यांच्या नोंदी पूर्ण अहवालात असतात आणि चुकाही तिथेच सापडतात. हरकत लेखी द्या, अहवालाचा पान क्रमांक लिहा, पोच घ्या. सुनावणीत तोंडी बोललात तरी तोच मुद्दा कागदावर असू द्या. कामकाजाचं चित्रीकरण होतं आणि शेवटी मुद्द्यांचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवतात. आपला मुद्दा सुटला असेल तर तिथेच उठून सांगा, कारण मंजुरीसाठी प्रकल्प तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या मूल्यमापन समितीपुढे जातं ते हेच इतिवृत्त.

सर्वांत महाग पडतो तो बहिष्कार. सुनावणीला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे रिकाम्या मंडपातही ती पार पडते. गोंधळ घालून बंद पाडली तर आणखी वाईट: परिस्थिती अनुकूल नाही असा अहवाल गेला, तर सुनावणीशिवाय पुढे जायची मुभा नियमातच आहे. आणि हे मतदान नव्हे. सगळं गाव विरोधात असलं तरी प्रकल्प आपोआप थांबत नाही.

लवादात अपिलाची मुदत 30 दिवसांची. सबळ कारण दिलं तर आणखी 60. त्यानंतर दार बंद. मंजुरीची जाहिरात स्थानिक वृत्तपत्रांत येते, तिच्यावर नजर नसेल तर दिवस हातचे जातात. लवादाचं बळ म्हणजे तो मंजुरी रद्द करू शकतो. पण तोवर बांधकाम, कर्ज, रोजगार सगळं उभं राहिलेलं असतं. गोव्यातल्या मोपा विमानतळाची मंजुरी माहिती दडवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये स्थगित केली. जानेवारी 2020 मध्ये जादा अटी घालून स्थगिती उठली आणि विमानतळ झाला. मागाहूनच्या लढाईत बहुधा अटी मिळतात, नकार क्वचित.

आता सैल झालेले नियम पाहा. 'बी-2' गटातल्या प्रकल्पांना ना मूल्यांकन अहवाल लागतो, ना सुनावणी. मार्च 2020 मध्ये औषधांचा कच्चा माल बनवणारे प्रकल्प ठरावीक मुदतीसाठी याच गटात टाकले गेले. त्याच वर्षी आलेल्या नव्या अधिसूचनेच्या मसुद्यात सूचनेचा काळ 20 दिवसांवर आणायचा प्रस्ताव होता. जानेवारी 2022 मध्ये पर्यावरण मंजुरी देणाऱ्या राज्यांच्या प्राधिकरणांना गुण देण्याची पद्धत आली: सरासरी 80 दिवसांच्या आत मंजुरी दिली तर 2 गुण, 105 दिवसांच्या आत 1. घाईला गुण मिळू लागले की बारकाईने वाचणाऱ्या समितीचं नुकसान होतं, हे आम्हाला गंभीर वाटतं. अनेक कायद्यांतल्या शिक्षा सौम्य करणाऱ्या 2023 च्या जनविश्वास कायद्यानंतर पर्यावरण संरक्षण कायद्याच्या भंगाला तुरुंगवासाऐवजी 10 हजार ते 15 लाख रुपये दंड आहे. मोठ्या प्रकल्पाला ही रक्कम खर्चात बसवता येते. काम आधी, परवानगी मागाहून, हा प्रश्नही धुमसतोच आहे: मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वाट बंद केली, नोव्हेंबरमध्ये 2 विरुद्ध 1 मतांनी तोच निकाल मागे घेतला.

प्रकल्प बी-2 मध्ये किंवा मंजूर औद्योगिक वसाहतीत असेल, तर सुनावणीची वाट पाहू नका, ती होणारच नाही. मंजुरीचे अर्ज जिथे दाखल होतात त्या केंद्राच्या परिवेश पोर्टलवर अर्ज दिसताच राज्य प्राधिकरणाला लेखी कळवा की गट चुकीचा ठरवला आहे, आणि का. ते पत्र आणि पोच पुढे अपिलात कामी येते.