दादरमधील थ्रेडचा वर्ग: दोन रविवारांचा अनुभव

दादर पश्चिमेला एका खासगी संस्थेने घेतलेला अँड्रॉइड प्रोग्रामिंगचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. दोन्ही रविवार केवळ थ्रेड (ॲपमधील सूचना एकामागून एक पार पाडणारा प्रवाह) आणि पार्श्वभूमीवर चालणारी कामे या विषयाला दिलेले होते. मी लिहिलेल्या ॲपमधील छायाचित्रांची यादी सरकवताना अडखळत असे आणि त्याचे कारण मला सापडत नव्हते, म्हणून मी नाव नोंदवले.

पहिल्याच तासाला शिक्षिकेने बटणाच्या कोडमध्ये मेन थ्रेड, म्हणजे पडदा रंगवणारा आणि स्पर्शाला प्रतिसाद देणारा थ्रेड, तब्बल वीस सेकंद झोपवून ठेवला आणि फोन माझ्या हातात दिला. बटण दाबल्यावर पडदा नुसताच गोठला; पुन्हा बोट लावल्यानंतर मात्र पाच सेकंदांनी ॲप प्रतिसाद देत नसल्याची चौकट उमटली. 60 हर्ट्‌झच्या पडद्यावर एका फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावरील एका चित्रासाठी, जेमतेम 16 मिलिसेकंद मिळतात, हे त्यांनी फळ्यावर मांडले तेव्हा माझ्या यादीचे दुखणे उमगले: प्रत्येक छायाचित्र मी मेन थ्रेडवरच डीकोड करत होतो, म्हणजे फाइलमधून उलगडून दाखवण्याजोगे करत होतो.

पार्श्वभूमीवर काम चालवण्याची अँड्रॉइडची जुनी सोय असलेला असिंकटास्क 2020 मध्ये, अँड्रॉइड 11 पासून कालबाह्य ठरवला गेला असताना त्यावर अर्धा दिवस घालवणे मला आधी खटकले. परंतु नोकरीत जुने कोड सांभाळावेच लागते, आणि फोन आडवा केल्यावर चालू असलेला असिंकटास्क जुन्या ॲक्टिव्हिटीला, म्हणजे टाकून दिलेल्या आधीच्या पडद्याला, मेमरीत कसा धरून ठेवतो, हे प्रोफायलरमध्ये (मेमरीचा वापर दाखवणाऱ्या साधनात) डोळ्यांनी पाहिल्यावर कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेतील कोरुटीनचे (थांबवता आणि रद्द करता येणाऱ्या कामांचे) महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागले नाही. व्ह्यूमॉडेलच्या (पडद्याची माहिती सांभाळणाऱ्या भागाच्या) स्कोपमधील, म्हणजे कार्यकक्षेतील, कोरुटीनचे काम फोन फिरवला तरी चालू राहते आणि पडदा कायमचा बंद झाला की रद्द होते. रद्द करण्याची सूचना मिळूनही माझे एक लांबलचक लूप (पुन्हा पुन्हा चालणारा कोडचा भाग) थांबेना, तेव्हा शिक्षिकेने उत्तर न सांगता मला शोधू दिले. लूपमध्ये काम रद्द झाले आहे का याची स्वतःहून तपासणी केल्याशिवाय ते थांबणार नाही, हा धडा मी विसरणार नाही.

माझी खरी तक्रार वर्कमॅनेजरबद्दल, म्हणजे ॲप बंद झाले तरी राहिलेली कामे पुढे पार पाडणाऱ्या अँड्रॉइडच्या साधनाबद्दल आहे. लोकलमध्ये नेटवर्क तुटले आणि ॲप बंद झाले तरी अर्धवट राहिलेले अपलोड नेटवर्क आल्यावर पुन्हा सुरू व्हावे, ही आपल्या शहरातील रोजची गरज असूनही हा भाग शेवटच्या वीस मिनिटांत उरकण्यात आला. त्यासाठी तिसरा रविवार ठेवल्यास मी पुन्हा शुल्क भरेन. कोटलिन येत नसेल त्यांनी मात्र ते आधी शिकून घ्यावे, कारण वर्गात त्यासाठी कोणी थांबत नाही.