माझ्या अपंगत्वाच्या पैशाला त्यांनी ‘शिल्लक’ म्हटले

माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. दोन्ही माझ्याच एप्रिल २०२२ च्या जमाखर्चाचे आहेत आणि दोन्हींत जमेची बाजू पेनीपर्यंत सारखी आहे. तरीही पहिल्या कागदानुसार सगळा खर्च भागवून माझ्या हाती दरमहा ११२ पौंड उरत होते, तर दुसऱ्यानुसार अवघे २१. पहिला कागद, कर्जातून सोडवतो म्हणून फोनवरून बोलणाऱ्या एका तरुणाने चाळीस मिनिटांत भरला होता. दुसरा, पुढे दोन वर्षांनी, विनामूल्य सल्ला देणाऱ्या सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेच्या सल्लागार बाईंनी त्याच काळातली माझी बँकेची विवरणपत्रे समोर ठेवून पुन्हा मांडला. या ९१ पौंडांच्या फरकाने माझे काय झाले ते मी लिहीत आहे, कारण इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि आजारपणामुळे भत्त्यांवर आलेल्या आपल्या आणखी काही माणसांना असेच फोन येत आहेत, हे मला गेल्या काही महिन्यांत कळले आहे.

मी मूळचा वाई तालुक्यातला. लेस्टरमध्ये सोळा वर्षे बस चालवली. नोव्हेंबर २०१९ मध्ये मला पक्षाघाताचा झटका आला, डावा हात आणि पाय अधू झाले आणि बस चालवण्याचा परवाना गेला. आजारपणातला पगार संपल्यावर भत्ते सुरू होईपर्यंतचे महिने मी क्रेडिट कार्डांवर काढले. आईच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी त्याआधी घेतलेले कर्ज होतेच. तीन कार्डे, ते कर्ज आणि कौन्सिल टॅक्सची, म्हणजे स्थानिक पालिकेच्या घरकराची, थकबाकी मिळून २०२२ च्या सुरुवातीला आकडा १८,७०० पौंडांवर पोहोचला होता. घर कौन्सिलचे, भाड्याचे. मी एकटा राहतो.

माझे उत्पन्न म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट, हा कमी मिळकतीच्या लोकांना मिळणारा सरकारी भत्ता, आणि पिप (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट). पिप हा भत्ता अपंगत्वामुळे जो जादा खर्च करावा लागतो, त्यासाठी मिळतो. तो तुमची मिळकत पाहून ठरत नाही आणि त्यावर प्राप्तिकरही लागत नाही. त्याचे दोन भाग असतात, एक दैनंदिन जगण्यासाठी आणि दुसरा हिंडण्याफिरण्यासाठी. मला पहिला भाग साध्या दराने आणि दुसरा वाढीव दराने मंजूर झाला होता, म्हणजे त्या एप्रिलच्या दरांप्रमाणे आठवड्याला ६१.८५ आणि ६४.५० पौंड. हे पैसे दर महिन्याला नव्हे, दर चार आठवड्यांनी ५०५.४० पौंड असे येतात. वर्षाचे तेरा हप्ते बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला साधारण ५४७ पौंड होतात. ज्याच्या घरी धडधाकट माणसे आहेत त्याला ही रक्कम मोठी वाटेल. माझ्याकडे एक आड एक गुरुवारी एक बाई येत. चादरी बदलणे, न्हाणीघर घासणे, भाज्या चिरून फ्रीजमध्ये ठेवणे ही कामे त्या तीस पौंडांत करत. फिजिओथेरपीला आणि बाजाराला टॅक्सी लागे. अंगाची हालचाल कमी म्हणून हीटिंग इतरांपेक्षा जास्त वेळ चालू ठेवावे लागे. पिप यासाठीच असते आणि ते यातच संपत असे.

मोबाइलवर एक जाहिरात आली. तिच्यावर ब्रिटिश ध्वज होता आणि सरकारने मान्य केलेल्या योजनेतून कर्जाचा ऐंशी टक्क्यांपर्यंतचा भाग माफ होऊ शकतो, असे लिहिले होते. मी नाव आणि फोन क्रमांक भरला. दहा मिनिटांत फोन आला. आडनाव ऐकल्यावर तो तरुण हिंदीत बोलू लागला आणि मला ‘अंकल’ म्हणू लागला. अडीच वर्षे मी धनकोंच्या धमक्यांची पत्रे उघडायलाही घाबरत होतो. कोणीतरी आपल्या भाषेच्या जवळच्या भाषेत शांतपणे विचारपूस करते आहे, याने मला किती धीर आला ते सांगता येत नाही.

त्याने सुचवलेला मार्ग म्हणजे आयव्हीए (इंडिव्हिज्युअल व्हॉलंटरी अरेंजमेंट). हा १९८६ च्या इन्सॉल्व्हन्सी कायद्याखालचा धनकोंशी होणारा करार असतो. परवाना असलेला इन्सॉल्व्हन्सी प्रॅक्टिशनर, म्हणजे दिवाळखोरीची प्रकरणे हाताळणारा व्यावसायिक, तो तयार करतो, मतदान करणाऱ्या धनकोंपैकी कर्जाच्या रकमेच्या हिशेबाने ७५ टक्क्यांची संमती लागते आणि मग बहुधा पाच किंवा सहा वर्षे दरमहा ठरलेला हप्ता भरावा लागतो. यात बेकायदा काही नाही. ज्याच्या नावावर घर आहे, नियमित पगार आहे आणि जो दरमहा काही रक्कम खरोखरच बाजूला काढू शकतो, त्याच्या उपयोगाची ही व्यवस्था आहे. पण मी तसा माणूस नव्हतो, आणि हे त्या तरुणाला पहिल्या पाच मिनिटांतच कळले असले पाहिजे.

मी डेट रिलीफ ऑर्डर (डीआरओ), म्हणजे कर्जातून सुटका देणारा सरकारी आदेश, या दुसऱ्या एका मार्गाबद्दल ऐकले होते, म्हणून विचारले, “डीआरओ म्हणतात ते काय असते?” तो म्हणाला की त्यात घरातल्या वस्तूंवर टाच येते, माझी ९०० पौंडांची इलेक्ट्रिक स्कूटर मालमत्तेत धरली जाईल आणि मी त्याच्या अटींत बसणार नाही, शिवाय तो दिवाळखोरीचाच प्रकार आहे. मग त्याने जे वाक्य उच्चारले ते माझ्या वर्मी लागले. “अंकल, आयव्हीएमध्ये तुम्ही कर्ज बुडवत नाही, इज्जतीने फेडता.” माझे वडील सोसायटीचे कर्ज थकले त्या वर्षी गावच्या पारावर बसायचे बंद झाले होते. कर्जबुडव्या हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा होता. ज्याला तो शब्द टाळायचा आहे असा माणूस महिना ११० पौंड देतो की नाही याचा हिशेब करत नाही. तो होकार देऊन मोकळा होतो. मीही तेच केले, आणि याबद्दल मला आजही वाईट वाटते, कारण ती लाज खरी होती पण तिचा वापर माझ्या विरुद्ध केला गेला.

आता त्या कागदाकडे येतो. माझा तो सगळा संवाद कंपनीने ध्वनिमुद्रित केला होता, आणि पुढे मी तो मागवून घेतला. त्यात मी स्पष्ट सांगतो की घरकामाच्या बाईंना पंधरा दिवसांना तीस पौंड देतो, म्हणजे महिन्याला ६५. त्यावर तो म्हणतो की हा खर्च कोणी धनको मान्य करणार नाही, आपण तो लिहायला नको. टॅक्सीचे मी ७२ पौंड सांगतो. तो म्हणतो की ४६ लिहू, नाहीतर शंका येईल. ६५ आणि २६ मिळून होतात ९१. पिपची संपूर्ण रक्कम मात्र त्याने जमेच्या बाजूला अचूक नोंदवली, तेरा हप्त्यांचा बारा महिन्यांत हिशेब करून. ज्या कारणासाठी भत्ता मिळतो तो खर्च पुसायचा आणि भत्ता तेवढा ठेवायचा, अशा रीतीने माझ्या अधू हातापायांच्या पैशातून ‘शिल्लक’ तयार झाली. माझी फसवणूक झाली ती इथे. पुढचे सगळे कागद कायदेशीर होते, प्रत्येकावर माझी सही होती.

फोन करणारी कंपनी कर्जाचा सल्ला देणारी नव्हतीच. गिऱ्हाईक शोधून ते प्रॅक्टिशनरच्या कार्यालयाकडे पाठवायचे आणि त्याबद्दल मोबदला घ्यायचा, हा तिचा धंदा होता. डीआरओला पाठवले असते तर तिला काहीच मिळाले नसते. वित्तीय कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या फायनान्शिअल कंडक्ट ऑथॉरिटीने २ ऑक्टोबर २०२३ पासून तिच्या अखत्यारीतल्या अशा मध्यस्थांना हा मोबदला घेण्यास बंदी केली आहे. माझ्यासाठी तो नियम उशिरा आला. आणि जाहिराती अजून थांबलेल्या नाहीत, म्हणून नियम आला एवढ्यावर कोणी निर्धास्त राहू नये.

जून २०२२ पासून मी ११० पौंडांचे हप्ते भरू लागलो. पहिल्या महिन्यातच गुरुवारच्या बाईंना येऊ नका असे सांगावे लागले. त्यांनी कारण विचारले नाही, उलट जाताना पोळ्या करून ठेवून गेल्या. त्या हिवाळ्यात विजेचे आणि गॅसचे दर सगळ्यांनाच झेपेनासे झाले होते. मी एका खोलीत दोन घोंगड्या घेऊन बसत असे. टॅक्सी परवडत नसल्याने फिजिओथेरपीच्या वेळा चुकल्या आणि डावा खांदा पुन्हा आखडला. वर्षअखेरीस प्रॅक्टिशनरच्या कार्यालयाकडून वार्षिक अहवाल आला. मी भरलेल्या १,३२० पौंडांपैकी धनकोंपर्यंत काहीही पोहोचले नव्हते, ती सारी रक्कम करार उभारण्याच्या आणि चालवण्याच्या शुल्कात गेली होती. तो अहवाल मी तीन वेळा वाचला. ज्यांचे देणे इज्जतीने फेडायचे म्हणून मी घरातली मदत बंद केली होती, त्यांना एक पेनीही मिळाली नव्हती.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अठरावा हप्ता भरला आणि पुढचा भरता आला नाही. तीन हप्त्यांइतकी थकबाकी झाल्यावर करारभंगाची नोटीस आली आणि २०२४ च्या वसंतात आयव्हीए रद्द झाली. एकूण १,९८० पौंड भरून माझे कर्ज कमी तर झाले नव्हतेच, धनकोंनी थांबवलेले व्याज पुन्हा चढवल्याने ते २०,३०० पौंडांच्या आसपास गेले होते.

यानंतर शेजारच्या एका वयस्कर आयरिश बाईंनी मला हाताला धरून सिटिझन्स ॲडव्हाइसमध्ये नेले. तिथे कळले की डीआरओबद्दल मला सांगितलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट खोटी होती. २०२२ मध्ये डीआरओसाठी कर्जाची मर्यादा ३०,००० पौंड होती, महिन्याची शिल्लक ७५ पौंडांपर्यंत चालत होती आणि मालमत्ता २,००० पौंडांपर्यंत; म्हणजे माझी स्कूटर धरली असती तरी मी मर्यादेच्या पुष्कळ आत होतो. घरातल्या रोजच्या वापराच्या वस्तूंना कोणी हात लावत नाही. अर्जाचे शुल्क तेव्हा एकदाच ९० पौंड होते. आदेश मिळाल्यापासून बारा महिने धनको वसुली करू शकत नाहीत, आणि त्या काळात परिस्थिती बदलली नाही तर यादीतली कर्जे संपतात. कौन्सिल टॅक्सची थकबाकीही त्यात येते. न्यायालयाचा दंड किंवा विद्यार्थी कर्ज येत नाही. तेव्हाच कोणी मला तिथे नेले असते तर २०२३ च्या उन्हाळ्यात मी मोकळा झालो असतो.

डीआरओचा अर्ज स्वतः पाठवता येत नाही, मान्यताप्राप्त मध्यस्थामार्फतच जातो, आणि हे मध्यस्थ विनामूल्य सल्ला देणाऱ्या संस्थांमध्ये असतात. आयव्हीए चालू असताना डीआरओ मिळत नाही, म्हणून ती रद्द झाल्याचा कागद हाती येईपर्यंत थांबावे लागले. त्याचा एक फायदा मात्र झाला: ६ एप्रिल २०२४ पासून अर्जाचे शुल्क रद्द झाले आणि २८ जूनपासून कर्जाची मर्यादा ५०,००० पौंड झाली. जुलै २०२४ मध्ये मला आदेश मिळाला, जुलै २०२५ मध्ये मुदत संपली. त्याची नोंद सार्वजनिक नोंदवहीत होते आणि पत अहवालात सहा वर्षे राहते, हे मी लपवत नाही. पण आयव्हीएची नोंदही तशीच होत असते, आणि ते मला त्या फोनवर कोणी सांगितले नव्हते.

त्या फोनचे ध्वनिमुद्रण मिळवणे अवघड नव्हते. आपल्याविषयीची माहिती मागण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला आहे, त्याला पैसे लागत नाहीत आणि संस्थेने सर्वसाधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यायचे असते. मी एक साधे पत्र लिहिले आणि ध्वनिमुद्रण, जमाखर्चाचा कागद, सगळे मागितले. प्रॅक्टिशनरविरुद्धची तक्रार आधी त्यांच्याच कार्यालयाकडे आणि मग इन्सॉल्व्हन्सी सर्व्हिसच्या तक्रार विभागामार्फत केली. खर्चाची नीट पडताळणी झाली नाही एवढे मान्य झाले. पैसे परत मिळाले नाहीत.

सल्लागार बाईंनी मला आणखी एक गोष्ट दाखवली, जी प्रत्येक भत्ताधारकाला ठाऊक असावी असे मला वाटते. सोशल सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन ॲक्ट, १९९२ च्या कलम १८७ प्रमाणे भत्ता कोणाच्या नावे लिहून देण्याचा किंवा तारण ठेवण्याचा करार रद्दबातल असतो, आणि माणूस दिवाळखोर झाला तरी त्याचा भत्ता धनकोंच्या वतीने काम पाहणाऱ्याकडे जात नाही. ज्या पैशाचे कायदा दिवाळखोरीतही रक्षण करतो, तोच पैसा मी फोनवर चाळीस मिनिटांत ‘स्वखुशीने’ देऊन बसलो होतो.

म्हणून ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांनी फोन आल्यावर त्याच फोनवर काहीही ठरवू नये. स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन आणि सिटिझन्स ॲडव्हाइस पैसे घेत नाहीत. धनको अगदी दाराशी आले असतील तर अशा सल्लागारामार्फत साठ दिवसांची ‘ब्रीदिंग स्पेस’, म्हणजे वसुलीला तात्पुरती स्थगिती, मिळू शकते, तेवढ्यात डोके शांत होते. स्कॉटलंडमध्ये कायदा वेगळा आहे, तिथल्या लोकांनी तिथलाच सल्ला घ्यावा. आणि कोणी तुमचा खर्चाचा आकडा ऐकून ‘हे लिहायला नको’ म्हणाले, तर तिथेच फोन ठेवावा.

गेल्या महिन्यात इथल्याच एका मराठी भगिनींना, ज्यांना संधिवातामुळे काम सोडावे लागले आहे, असाच फोन आला. त्यांनी सही करण्याआधी मला विचारले. आम्ही दोघे त्यांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांचा जमाखर्च लिहायला लागलो, त्याला दोन तास लागले, कारण डबे उघडून देणारी, केस धुऊन देणारी मुलगी आठवड्याला वीस पौंड घेते हे सांगायला त्या संकोचत होत्या. ते वीस पौंड मी त्यांना स्वतःच्या हाताने पहिल्या ओळीत लिहायला लावले. बुधवारी त्यांची सल्लागाराशी भेट आहे आणि मी बरोबर जाणार आहे.