माझा पैलवान जिंकला, तरी पैसे माझेच जास्त गेले

माझे ९९,४५९ रुपये गेले आणि माझ्या साडूचे १६,९९९. सट्ट्याच्या टिप्स देणाऱ्या एका ग्रुपने बॉक्सिंगच्या लढतीसाठी त्याला ज्या पैलवानाचं नाव सांगितलं होतं तो हरला, मला ज्याचं सांगितलं होतं तो जिंकला. तरी जास्त फटका मलाच बसला. कसा, ते सविस्तर लिहितो. आमच्याकडे अजून बरेच जण अशा ग्रुपमध्ये गुपचूप बसून आहेत आणि शेजारच्यालाही सांगत नाहीत. आम्हीही सांगितलं नव्हतं.

अमळनेरात माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली कॉइल काढायची, नवी तार भरायची, वार्निश मारून वाळवायची. बॉक्सिंगचा आणि माझा संबंध शून्य. आमच्या भागात कुस्ती. चाळीसगाव तालुक्यातला विजय चौधरी लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, त्याबद्दल विचारा, तासभर बोलेन. हेवीवेट बॉक्सिंगमधला एक माईक टायसन सोडला तर दुसरं नाव मला येत नव्हतं. आणि त्या अज्ञानानेच घात केला. क्रिकेटबद्दल कोणी काही ठोकून दिलं तर समोरचा चहावालासुद्धा त्याला उभा कापतो. बॉक्सिंगवर वाद घालायला अख्ख्या बाजारपेठेत माणूस नाही.

२०२३ च्या वर्ल्ड कपच्या वेळी दुकानातल्या पोऱ्याने मला एका टिप्सच्या ग्रुपात टाकलं. फायनल हरल्यावर तो वैतागून बाहेर पडला, मी तसाच राहिलो. डिसेंबरच्या २३ तारखेला ग्रुपच्या अॅडमिनचा मला वेगळा मेसेज आला. रियाधला आज रात्री बॉक्सिंगच्या दोन लढती आहेत, जोशुआ वॉलिनला हरवेल आणि पार्कर वाइल्डरला. फुकट टिप, पैसे लावू नका, फक्त बघा. मी नेटवर शोधलं. वाइल्डरच्या नावावर ४३ विजय, त्यातले ४२ नॉकआउट. म्हटलं हा अॅडमिन येडा दिसतो. सकाळी बघतो तर पार्कर गुणांवर जिंकलेला.

मार्चमध्ये पुन्हा दोन. महाशिवरात्रीचा दिवस होता म्हणून लक्षात आहे. जोशुआ एन्गानूला पाडेल. पाडला, दुसऱ्याच राउंडला. पार्कर झांगला हरवेल. झांगने पार्करला दोनदा खाली बसवलं, तरी शेवटी गुणांवर पार्करच. या वेळी मी त्यांच्या अॅपवर १,००० रुपये लावले होते. अॅपवर १,९०० झाले, काढायला टाकले तर दहा मिनिटांत बँकेत जमा. त्या ९०० रुपयांइतका महाग नफा मला आयुष्यात झाला नाही.

मोठी लढत होती फ्युरी आणि उसिकची. फ्युरीकडे जगज्जेतेपदाचा एक पट्टा, उसिककडे तीन, जिंकेल त्याचे चारही. १९९९ मध्ये लेनॉक्स लुईस सगळ्यांचा एकटा चॅम्पियन झाला होता, त्यानंतर हेवीवेटमध्ये तसं कोणी झालं नव्हतं. ही लढत आधी १७ फेब्रुवारीला ठरली होती. जानेवारीतच अॅडमिनने तिच्या ‘रिपोर्ट’चे १,९९९ घेतले. मग सरावात फ्युरीच्या उजव्या डोळ्यावर जखम झाली आणि लढत १८ मे वर गेली. मी पैसे परत मागितले तर म्हणाला, “शेठ, आपका पैसा सेफ है, मई में नया रिपोर्ट बनेगा।” मे उजाडला तेव्हा नवा रिपोर्ट ५,००० ला झाला होता. मी कुरकुर केली आणि भरले. चारपैकी चार बरोबर सांगणाऱ्याशी घासाघीस कोण करतो?

त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, १० मे ला होती. सासुरवाडी बेटावदची. दोघी बहिणी माहेरी आलेल्या, पोरी झोक्यावर, घरात खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस. आखाजीला आमच्याकडे पत्त्यांना मोकळीक असते हे खान्देशी माणसाला सांगायला नको. नाहीतर वर्षभर बायको पत्त्याला हात लावू देत नाही. लिंबाखाली मी, साडू आणि गावातले चार जण, दहा-दहा रुपयांनी झन्नामन्ना खेळत होतो. साडू शिरपूरचा, कापूस आणि थोडी केळी. तो मधूनमधून मोबाइल उपडा ठेवायचा. मीही. दोघांच्या मोबाइलमध्ये एकच ग्रुप होता आणि मांडी शेजारी मांडी. अॅडमिनने सांगून ठेवलं होतं, रिपोर्ट कोणाला दाखवला तर आयडी बंद. शिवाय आपल्याला काहीतरी खास कळलंय या गुर्मीत माणूस सख्ख्या भावालाही सांगत नाही, साडू तर लांबच.

१३ तारखेला लोकसभेचं मतदान झालं. दुसऱ्या दिवशी मी अॅपवर ४०,००० टाकले. हे पैसे तांब्याच्या तारेचे. मे महिन्यात आमचं काम डोक्यावर असतं, विहिरीचं पाणी खाली जातं, मोटारी कोरड्या फिरतात आणि जळतात. एकदम माल भरून ठेवावा लागतो. त्यांच्या क्यूआरवर पैसे टाकताना नाव आलं कुठल्यातरी साडी सेंटरचं. मागच्या वेळी एका बाईचं नाव होतं. बॉक्सिंगचा आणि साडीचा काय संबंध हे माझ्या मनात आलं, खोटं सांगत नाही. पण बोट तोवर पिन टाकून मोकळं झालं होतं.

रिपोर्ट म्हणजे तीन पानं. फ्युरी सहा फूट नऊ इंच, उसिक सहा फूट तीन. उसिक डावखुरा, पाय हलके, आधी खालच्या वजनात चॅम्पियन होता. हे सगळं खरं, आणि कुठेही फुकट वाचायला मिळतं. मध्ये एक गोष्ट: १९९० मध्ये टोकियोला बस्टर डग्लसने टायसनला पाडलं, तेव्हा सट्ट्यात डग्लसचा भाव ४२ ला १ होता. तेही खरं. तिसऱ्या पानाच्या तळाला लाल अक्षरात ‘उसिक १०० टक्के’. डग्लसच्या गोष्टीचा खरा अर्थ असा की हेवीवेटमध्ये एक ठोसा सगळे अंदाज मातीत घालतो. मी मात्र ती वाचून म्हटलं, बघा, आतल्या लोकांना आधीच माहीत असतं.

१८ मे च्या रात्री बंगळुरूत आयपीएलची बंगळुरू-चेन्नई मॅच होती. बंगळुरू जिंकून पुढे गेली तेव्हा आमच्या गल्लीत पोरांनी मध्यरात्री फटाके वाजवले. ते झोपल्यावर मी गच्चीवर. उकाडा असा की गोधडीसुद्धा गरम. पहाटे पावणेचारच्या सुमाराला कुठल्यातरी लिंकवर अडकत-अडकत लढत सुरू झाली. मधल्या राउंडांमध्ये फ्युरी उसिकला खेळवत होता, मी पाणी पिऊन पिऊन बाटली संपवली. नवव्या राउंडला उसिकने त्याला असा धरला की तो दोरखंडावर आपटत फिरू लागला आणि रिंगमधल्या पंचाने आकडे मोजायला घेतले. घंटा झाली नसती तर तिथेच संपलं असतं. बारा राउंड झाले. गुण देणाऱ्या तीन पंचांपैकी एकाने ११५-११२ उसिक, एकाने ११४-११३ उसिक, एकाने ११४-११३ फ्युरी.

ते आकडे मी आज वेगळे वाचतो. रिंगला चिकटून बसलेले तीन पंच, जन्म त्यात घातलेला, आणि लढत संपल्यावरसुद्धा कोण जिंकलं यावर त्यांचं एकमत नाही. नवव्या राउंडला ती मोजणी होऊन फ्युरीचा एक गुण गेला नसता तर एका पंचाचा कागद ११४-११४ झाला असता आणि लढत बरोबरीत सुटली असती. आणि माझ्या अॅडमिनला आठवडाभर आधी शंभर टक्के माहीत होतं! त्या पहाटे मात्र मी गच्चीवर एकटाच नाचलो. खाली येऊन झोपलेल्या बायकोला उठवून काही सांगणार होतो, बरं झालं नाही सांगितलं.

अॅपवर ९२,००० दिसत होते. काढायला टाकले. संदेश आला: नियमाप्रमाणे ३० टक्के टीडीएस आधी भरा, २७,६००. मी पेपरात वाचलेलं होतं की ऑनलाइन गेममधल्या कमाईवर ३० टक्के टीडीएस कापतात. नियम खरा, म्हणून मागणीही खरी वाटली. भरले. दोन दिवसांनी २८ टक्के जीएसटी, २५,७६०. तोही नियम तेव्हा होता, आदल्या ऑक्टोबरपासूनचा. तोही भरला, या वेळी बायकोच्या खात्यातून. पुढे आमच्या सीएने दुकानात बसून चहा पीत समजावलं. टीडीएस देणाऱ्याने देताना कापायचा असतो, तुझ्या खिशातून आधी कोणी मागत नाही. जीएसटी कंपनीने भरायचा. आणि मजा म्हणजे त्यांचा हिशेबही चुकीचा होता: ४०,००० तुझेच, कमाई ५२,०००, तर टॅक्स ९२,००० वर कसा? मोटार बांधताना एक फेरा कमी पडला तर मला कळतं, हे नाही कळलं.

तिसरी मागणी आली ‘खातं अनफ्रीझ’ करायला ३०,००० ची. ते कुठून उभे करायचे या विचारात होतो, त्याच दिवशी साडू पाच एचपीची सबमर्सिबल घेऊन आला. मोटार टेबलावर ठेवली, माझा मोबाइल तिथेच उघडा पडलेला. त्याने स्क्रीनकडे बघितलं आणि खाली बसला.

“तुले उसिक सांगा?”

“हो. का?”

“मले ते फ्युरी सांगेल व्हता.”

त्याने त्याचा रिपोर्ट काढला. दोन मोबाइल तारेच्या रिळाला टेकवून शेजारी-शेजारी ठेवले. तीच तीन पानं, तेच फोटो, दुसऱ्या पानावर ‘चॅम्पीयन’मध्ये तीच चुकीची वेलांटी. फक्त तळाचं लाल नाव वेगळं. साडूने १,९९९, मग ५,००० आणि अॅपवर १०,००० टाकले होते. फ्युरी हरला, त्याने ग्रुपला दोन शिव्या दिल्या, विषय संपला. त्याच्याकडे टॅक्स मागायला कोणी आलं नाही, कारण टॅक्स लावायला त्याची कमाईच नव्हती. लढतीआधी माझे ४६,९९९ गेले होते, जिंकल्यानंतर ५३,३६०.

मग आम्ही बिलबुकाच्या मागे हिशेब मांडला. समजा त्याने ४०० जणांना मेसेज केले. जोशुआच्या दोन लढती सोप्या, तिथे सगळ्यांना जोशुआ. वाइल्डरच्या वेळी २०० जणांना वाइल्डर, २०० ना पार्कर. चुकलेले २०० सोडून द्यायचे. उरलेल्यांत मार्चला १०० ना झांग, १०० ना पार्कर. आता १०० माणसं अशी तयार झाली की ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी चारपैकी चार बरोबर येताना बघितली. त्यातल्या ५० ना उसिक, ५० ना फ्युरी. बॉक्सिंगमधलं त्याला काडीचं कळायची गरज नाही. लढत दोघांची, नाव एकच बरोबर येणार, आणि ज्यांना चुकीचं गेलं ते तोंड उघडणार नाहीत. आम्ही भाकीत बघत होतो आणि तो आम्हाला चाळणीतून चाळत होता.

“आखाजीले सांगता नही येत व्हतं का तुले?” साडू म्हणाला.

“तू तरी कुठे सांगितलंस?”

यावर दोघेही गप्प. पोऱ्या मोटारीचे बोल्ट खोलत होता, त्याचं हसू आवरेना.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तो लढतीनंतर नवव्या दिवशी. लाज वाटत होती. सट्टा आपणच लावलेला, पोलिसांनी उलट आपल्यालाच धरलं तर? तसं काही झालं नाही. त्यांनी प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, तारीख, वेळ आणि ज्याच्या नावावर गेले ते नाव विचारलं. मी अॅपचे स्क्रीनशॉट जपून ठेवले होते, त्यांचा उपयोग शून्य. बँकेचे मेसेज मात्र रागाच्या भरात काही पुसून टाकले होते, ते स्टेटमेंटमधून काढावे लागले. पैसे गेल्यापासून पहिल्या काही तासांत फोन झाला तर समोरच्या खात्यात अडवता येतात. नऊ दिवसांत ते पुढच्या चार खात्यांतून फिरून आलेले असतात. तुमचं असं झालं तर मनात लाज धरून बसू नका, त्याच दिवशी फोन करा, आणि ‘आणखी इतके भरा म्हणजे सगळे सुटतील’ असं आलं की तिथेच थांबा. मला थांबवायला साडूची जळालेली मोटार यावी लागली.

बायकोला तिच्या खात्यातल्या २५,७६० चं सांगावंच लागलं. ती काय म्हणाली ते लिहीत नाही. सगळी बेरीज तिनेच केली, मार्चचे ९०० वजा करून, आणि म्हणाली, लाखाला ५४१ कमी आहेत, तेवढेही देऊन टाका म्हणजे पूर्ण होतील.

डिसेंबर २०२४ मध्ये फ्युरी-उसिकची पुन्हा लढत लागली, २१ तारखेला, रियाधलाच. १५ तारखेच्या सुमारास नव्या नंबरावरून मेसेज आला. “शेठ, पिछली बार टेक्निकल प्रॉब्लेम हुआ था।” मी लगेच साडूला फोन लावला, तर त्यालाही आलेला. या वेळी मला फ्युरी होता आणि त्याला उसिक. तिन्ही पंचांनी ११६-११२ असे गुण देऊन उसिकला जिंकवलं. सकाळी साडूचा फोन आला, “आते टॅक्स मनाकडथून मांगतात का तुन्हाकडथून?”