शिंजुकुत रस्त्यावर बोलवणाऱ्याच्या मागे जेवायला जाऊ नका, आमचे ३५,६४० येन गेले

टोक्योला फिरायला येणार असाल किंवा माझ्यासारखं घरच्यांना बोलवून घेणार असाल तर हे पूर्ण वाचा. पैशाचं दुःख आहेच, पण सासूबाईंच्या बाबतीत जे झालं ते अजून मनातून जात नाही म्हणून लिहितेय.

आम्ही निशिकासाईला राहतो, नवरा आयटीत. एप्रिलमध्ये साकुरा, म्हणजे चेरीचा बहर बघायला सासूबाई, दीर आणि जाऊबाई साताऱ्याहून आले होते. सासूबाई माळकरी आहेत, गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसूण चालतो पण मासे-मटण, अंडं काहीच नाही. शनिवारी सगळे शिंजुकुला गेलो, काबुकिचोची ती लाल कमान, गॉडझिलाचं डोकं वगैरे बघून झालं आणि साडेसातला भूक लागली. एका मोठ्या चेनच्या इझाकायात, म्हणजे पिणं आणि जेवण दोन्ही मिळतं अशा जपानी हॉटेलात जायचं ठरवलं होतं, तिथे इंग्लिश मेनू असतो आणि काय खाता येईल ते मी आधी बघून ठेवलं होतं.

त्या बिल्डिंगच्या खालीच एक पोरगा उभा होता, काळं जॅकेट, हातात लॅमिनेट केलेला मेनू. आम्ही बोर्डाकडे बघतोय म्हटल्यावर लगेच पुढे आला, म्हणाला हे आज फुल आहे, दीड तास वेटिंग, पण आमच्याच कंपनीचं दुसरं दुकान दोन मिनिटांवर आहे, तिकडे टेबल देतो. नवऱ्याने विचारलं व्हेजिटेरियन मिळेल का, तर हसून "बेजितारियन ओके, ओके!" नोमिहोदाई, म्हणजे दोन तास हवं तेवढं प्या, ती १,००० येन आणि तीही जो पिणार त्यालाच, असंही सांगितलं. सासूबाईंचे पाय दुखत होते, त्या म्हणाल्या चला रे कुठेतरी बसू या. आणि गेलो आम्ही.

खरं तर तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं, कारण त्या भागात लाउडस्पीकरवर सतत घोषणा चालू असते की रस्त्यावरच्या बोलवणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, फसवले जाल. ह्या लोकांना क्याकुहिकी म्हणतात. शिंजुकु वॉर्डात २०१३ पासून ह्याविरुद्ध नियम आहे, तरी संध्याकाळ झाली की जागोजागी उभे असतात. आणि "ते फुल आहे, आमचंच दुसरं आहे" ही त्यांची ठरलेली युक्ती. त्या चेनशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, आणि दीर नंतर वर जाऊन बघून आले तर तिथे टेबलं रिकामी होती.

असो. एका अरुंद बिल्डिंगमध्ये चार माणसांच्या लिफ्टने पाचव्या मजल्यावर नेलं, आत छोट्या छोट्या खोल्या, पडदे, अंधार. बसल्या बसल्या पाच वाट्या आल्या, प्रत्येकीत दोन चमचे उकडलेले मूगमोड. ह्याला ओतोशी म्हणतात आणि ही फसवणूक नाही हे आधी सांगते, इझाकायात बसलात की ही वाटी येतेच आणि साधारण ३०० ते ५०० येन माणशी लागतात, चांगल्या दुकानातही. आमच्या बिलात ती ८०० ची होती.

मग वेटर म्हणाला माणशी दोन डिशेस घ्याव्याच लागतील. मी परत विचारलं, व्हेजिटेरियन? तो "हाय, हाय" म्हणजे हो, हो करत मेनूतल्या तोफूवर बोट ठेवून गेला. आगेदाशी तोफू, म्हणजे तळलेला तोफू आला, गरम, वाफाळलेला, खाली तपकिरी पाणी आणि वर पातळ गुलाबीसर पापुद्रे, वाफेवर ते हळूहळू हलत होते. सासूबाईंनी कौतुकाने विचारलं, "अगं हे हलतंय काय? कांदा आहे का?" मी टेंपुरा, म्हणजे जपानी भजी पुढे सरकवण्यात होते, माझं लक्ष जाईपर्यंत त्यांनी एक घास खाल्ला होता.

ते पापुद्रे म्हणजे कात्सुओबुशी. मासा धूर देऊन, वाळवून लाकडासारखा कडक करतात आणि रंध्यासारख्या यंत्रावर त्याची सालपटं काढतात. खालचं पाणीही त्याचंच, त्याला दाशी म्हणतात, आणि ही दाशी टेंपुराच्या बुडवायच्या पाण्यात, मिसो सूपमध्ये, उकडलेल्या भाजीतसुद्धा असते. वरवर बघून काही कळत नाही. मला हे माहीत होतं, म्हणूनच तर मी दुसरं ठिकाण बघून ठेवलं होतं. नवऱ्याने वेटरला बोलवून विचारलं तर तो म्हणतो मांस नाहीये ना त्यात. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पाणी प्यायल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "माळ काढून ठेवू का गं आता?" मला तिथेच रडू आलं.

लगेच बिल मागितलं. ओतोशी ४,०००. सीट चार्ज माणशी १,००० म्हणजे ५,०००. वीकेंड चार्ज २,५००. नोमिहोदाई १,५०० प्रमाणे पाचही जणांची ७,५००, म्हणजे माळकरी बाईच्या नावावरसुद्धा दारूचे पैसे, आणि प्यायलं काय तर दिरांनी दोन बिअर, बाकी सगळ्यांनी उलाँग चहा. दहा प्लेटचे ८,०००. वर २० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर १० टक्के टॅक्स. एकूण ३५,६४०, आपले वीस हजारांच्या आसपास, अर्धपोटी. मेनूच्या शेवटच्या पानावर तळाला मुंगीएवढ्या जपानी अक्षरात हे चार्ज लिहिले होते ते बोट ठेवून दाखवले. २०२१ च्या एप्रिलपासून इथे मेनूवर टॅक्ससकट किंमत दाखवावीच लागते, ह्यांच्या मेनूत तेही नव्हतं.

नवरा वाद घालायला लागला तसे दोघं दारात येऊन उभे राहिले. हात लावला नाही, पण सासूबाई घाबरल्या, मग कार्डने पैसे दिले. खाली येऊन कोबानमध्ये गेलो, म्हणजे पोलीस चौकी. पोलीस नीट बोलले, सगळं ऐकून घेतलं, पण मेनूत छापलेलं असेल तर हा पैशाचा दिवाणी वाद होतो, द्या किंवा देऊ नका असं आम्ही सांगू शकत नाही म्हणाले. सोमवारी १८८ ला, म्हणजे ग्राहकांच्या हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी तक्रार लिहून घेतली. कार्डच्या पावतीवर दुकानाचं नाव वेगळंच निघालं. पैसे अजून परत आलेले नाहीत.

घरी येऊन मॅपवर बघितलं तर त्या दुकानाला ४.८ रेटिंग, सगळे एका ओळीचे कौतुकाचे रिव्ह्यू. सर्वात कमी स्टार आधी असं लावून जपानीतले वाचले तेव्हा आमचीच गोष्ट दहा जणांनी लिहिलेली. जायच्या आधी हे एक मिनिटाचं काम करा, आणि कुणी म्हणालं फुल आहे तर स्वतः वर जाऊन विचारा. बसल्यावर शंका वाटायला लागली तर ऑर्डर द्यायच्या आधी उठा, आमची तीच चूक झाली.

घरात शाकाहारी माणूस असेल तर नुसतं व्हेजिटेरियन विचारून उपयोग नाही, "कात्सुओ दाशी हाइत्ते इमासु का" असं विचारा, म्हणजे माशाची दाशी आहे का. फक्त कोंबूची, म्हणजे समुद्री शेवाळाची दाशी असेल तर चालतं. देवळांमधलं शोजिन र्‍योरी जेवण मांस-मासे न घालता करतात, पण तिथेही बुकिंग करताना विचारून घ्या. प्रामाणिक दुकानवाला आत जाऊन आचाऱ्याला विचारून येतो, नाही म्हणायचं तर दोन्ही हातांनी फुली करून दाखवतो. असे लोक इथे खूप आहेत आणि म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

सासूबाईंनी रात्री बारा वाजता डोक्यावरून आंघोळ केली, दुसऱ्या दिवशी उपास धरला. पुढचे आठ दिवस क्योतोला गेलो तरी मी डब्यात दशम्या आणि दाण्याची चटणी बरोबर घेत होते, बाहेरचं त्यांनी केळ्याशिवाय काही खाल्लं नाही.